पीएसपी-३०००चं कुलूप आणि थोरल्या भावाच्या खिशातली किल्ली

"तीन हजारचं अजून निघालं नाही."

२००९च्या सुरुवातीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका पोटमाळ्यावरच्या दुकानात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. 'निघालं' म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. सोनीच्या पीएस-टू या घरातल्या गेमिंग यंत्राला 'चिप मारून' देणं आणि पीएसपी हे हातातलं यंत्र 'काढून' देणं, म्हणजे सोनीचं कुलूप तोडून त्यावर कुणाचाही प्रोग्राम किंवा गेम चालेल असं करून देणं, हा त्या गल्लीतला रोजचा धंदा होता. दुकानदाराने माझा नवा कोरा पीएसपी उलटा केला, बॅटरीचं झाकण उघडून मॉडेल नंबर वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. "एक हजारचं निघतं, दोन हजारचं निघतं. हे थांबवा दोन महिने. आणि अपडेट करू नका."

दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. एखादं हातातलं गेमिंग यंत्र केवळ सॉफ्टवेअरच्या जोरावर उघडेल की नाही, याचा अंदाज कसा बांधायचा हे शिकायला त्या दोन वर्षांइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं माहीत नाही. ऑक्टोबर २००८ ते जानेवारी २०११ एवढाच त्याचा काळ. या काळात जाणकारांनी केलेले बरेचसे अंदाज बरोबर आले. सगळ्यात मोठी घटना मात्र कुणाच्याच अंदाजात नव्हती.

आधी काय झालं होतं

सोनीने पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ला आणला. आत एमआयपीएस जातीचा प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, गेमसाठी यूएमडी नावाची छोटी डिस्क आणि बाकी सगळ्यासाठी मेमरी स्टिक. जपानी यंत्रातलं १.०० हे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, इतकं भोळं होतं की मेमरी स्टिकवर ठेवलेला कुणाचाही प्रोग्राम, सोनीची डिजिटल सही आहे की नाही हे न बघताच चालवायचं. अमेरिकेत मार्च २००५मध्ये १.५० आलं. त्यात तपासणी होती, पण जूनमध्ये फोल्डरच्या नावात टक्क्याचं चिन्ह घालायची युक्ती सापडली आणि तीही फसली.

तिथून पुढे चोर-शिपायाचा खेळ सुरू झाला. २.०० फर्मवेअरमध्ये टिफ जातीचं चित्र उघडताना फट सापडली. मग 'लिबर्टी सिटी स्टोरीज' या गेमच्या सेव्ह फाइलमध्ये सापडली. जून २००७मध्ये 'लुमिनेस' या रंगीत ठोकळ्यांच्या गेममध्ये सापडली आणि बाजारात जवळपास विसरला गेलेला हा गेम एका रात्रीत ॲमेझॉनच्या विक्री यादीत वर उसळला. ती डिस्क लोकांना खेळायला नको होती, किल्ली म्हणून हवी होती.

या फटी गेममध्येच का सापडायच्या? गेम लिहिणारी कंपनी सुरक्षेचा विचार करून लिहीत नाही. सेव्ह फाइलमधून खेळाडूचं नाव वाचायचं, त्यासाठी ठरावीक जागा राखून ठेवायची आणि नाव तेवढंच असेल असं गृहीत धरायचं. कुणी त्या जागी पानभर नाव भरलं तर ते मेमरीत शेजारच्या जागेवर सांडतं, आणि सांडलेल्या मजकुरात प्रोग्राम लपवता येतो. त्यात यूएमडी एकदा छापली की बदलता येत नाही. सोनीच्या हातात दोनच उपाय उरतात. एक म्हणजे फर्मवेअरमध्ये त्या गेमच्या सेव्ह फाइलवर पहारा बसवायचा, दुसरा म्हणजे दुरुस्त डिस्क पुन्हा छापायची. 'लिबर्टी सिटी'च्या बाबतीत नवी डिस्क खरोखर छापली गेली.

पण खरा भूकंप झाला ऑगस्ट २००७मध्ये. त्याचं नाव 'पँडोराची बॅटरी'.

सोनीच्या दुरुस्ती केंद्रात मेलेला पीएसपी जिवंत करायला एक खास बॅटरी वापरत. प्रत्येक बॅटरीतल्या छोट्या चिपमध्ये अनुक्रमांक असतो. या खास बॅटरीचा अनुक्रमांक पूर्ण एफ-एफ-एफ असा भरलेला. तसा क्रमांक दिसला की पीएसपी स्वतःच्या फ्लॅश मेमरीकडे (फर्मवेअर असतं तिथे) न बघता थेट मेमरी स्टिकवरून सुरू होतो. ही गोष्ट बाहेर आली, त्यासोबत सुरुवातीच्या तपासणीतली एक कमजोरी सापडली, आणि कुठलंही फर्मवेअर असलेला, अगदी पूर्ण मेलेलासुद्धा, पीएसपी उघडता येऊ लागला. बॅटरीतल्या चिपचा एक पाय उचलून साधी बॅटरीही 'पँडोरा' करता यायची. त्याच सुमारास डार्क ॲलेक्स या टोपणनावाच्या स्पॅनिश प्रोग्रामरने आणि नंतर एम-३३ या गटाने बनवलेली बदललेली फर्मवेअर जगभर पोचली होती. लॅमिंग्टन रोडवरचा 'काढून देण्याचा' धंदा उभा राहिला तो या दोन गोष्टींवर.

त्यातलं थोडं चांगल्या कामालाही आलं हे इथेच सांगतो. जुन्या यंत्रांचं सोंग घेणारे एम्युलेटर आले, घरबसल्या लिहिलेले शेकडो छोटे प्रोग्राम आले, 'बुकर' नावाचा पीडीएफ वाचक आला. दिवाळी अंकांचे स्कॅन मी लोकलमध्ये त्या इवल्या पडद्यावर वाचले आहेत, एका हाताने दांडी धरून. पण बाजारात लोक पैसे मोजायचे ते फुकट गेमसाठी, यात मला कधीच शंका नव्हती.

ऑक्टोबर २००८: नवं मॉडेल

पीएसपी-३००० आला तो जास्त उजळ पडदा आणि आत बसवलेला माइक घेऊन. पडद्यावरच्या बारीक आडव्या रेषांबद्दल लोकांनी कुरकुर केली. सोनीने गाजावाजा न करता केलेला बदल प्रोसेसरच्या आत होता.

पीएसपी सुरू होताना सर्वांत आधी चालतो तो प्रोसेसरच्या चिपमध्येच कोरलेला एक चिमुकला प्रोग्राम. तो पुढचा टप्पा वाचतो, अस्सल आहे का बघतो आणि मगच सूत्रं त्याच्याकडे देतो. पँडोराने फसवलं होतं ते या चिमुकल्या पहारेकऱ्याला. चिपमध्ये कोरलेली गोष्ट अपडेट पाठवून बदलता येत नाही, म्हणून विकल्या गेलेल्या जुन्या यंत्रांसाठी सोनीला काहीच करता आलं नाही. नवी चिप छापताना मात्र पहारेकरीच बदलला. पीएसपी-२०००च्या शेवटच्या मदरबोर्डपासूनच हा बदल सुरू झाला होता. तीन हजारमध्ये तो सगळ्याच यंत्रांत होता. पँडोराची बॅटरी घातली तरी पहारेकरी जुना मंत्र ऐकेना.

'आता हे कधीच हॅक होणार नाही' असं म्हणणारे तेव्हा बरेच होते. दुसऱ्या टोकाला माझ्या दुकानदारासारखे 'सगळं निघतं'वाले. दोघंही एकाच प्रश्नाचं उत्तर देत होते आणि तो प्रश्नच चुकीचा होता. 'निघणं' ही एक गोष्ट नाही. तिचे निदान तीन मजले आहेत.

तळमजल्यावर एखाद्या गेमच्या आत शिरून, गेमला जेवढे अधिकार आहेत तेवढ्यातच आपला प्रोग्राम चालवायचा. पहिल्या मजल्यावर कर्नल, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याचे सगळे अधिकार. सगळ्यात वर कायमची हॅक, म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं तरी टिकणारी. नव्या पहारेकऱ्यामुळे बंद झाला होता तो फक्त वरच्या मजल्याचा जिना. तळमजल्यावर शेकडो गेम उघडेच होते, कारण ते लिहिणारे लोक आणि त्यांच्या सवयी त्याच होत्या.

त्या वेळच्या माहितीवर कुणी शांतपणे विचार केला असता तर अंदाज असा निघाला असता: तळमजला जवळजवळ नक्की, कर्नल बऱ्यापैकी शक्य, कायमची हॅक फार अवघड. पुढची दोन वर्षं तशीच गेली.

मोटारगाडी आणि कोंबडीचं पिल्लू

डिसेंबर २००८मध्ये, यंत्र येऊन तीन महिने व्हायच्या आत, माटियाझ या टोपणनावाच्या हॅकरने 'ग्रिपशिफ्ट' या गाड्यांच्या गेमच्या सेव्ह फाइलमध्ये फट दाखवली. तळमजला उघडला. पण त्यातून चालणारे प्रोग्राम गेमच्या अधिकारात अडकलेले, आणि त्यासाठी ती डिस्क हाताशी हवी. मुंबईत ती मला कुठे मिळाली नाही.

मग मे २००९मध्ये 'चिकहेन' आलं. 'हेन' हे 'होमब्रू एनेबलर'चं आद्याक्षरी नाव, म्हणजे घरबसल्या लिहिलेले प्रोग्राम चालू करणारं. त्यावरून कुणाला तरी कोंबडी सुचली आणि फाइलींमध्ये अंडीही आली. हे काम टीम टायफून आणि डेव्ही या हॅकरांचं. फट पुन्हा टिफ चित्रांमध्ये. पीएसपीवर तिसऱ्यांदा! २००५मध्ये, २००६मध्ये आणि आता. पहिल्या आयफोनचं १.१.१ फर्मवेअरही २००७मध्ये टिफ चित्रानेच फोडलं होतं. चित्र वाचणारा कोड जुना असतो, दहा ठिकाणी चिकटवलेला असतो आणि बाहेरून आलेली कुठलीही फाइल तोंडात घ्यायला तयार असतो. कुठल्याही यंत्राचा अंदाज बांधताना मी आजही पहिल्यांदा हेच विचारतो: हे यंत्र परक्याच्या हातून काय काय खातं?

चिकहेन फक्त ५.०३ फर्मवेअरवर चालायचं. 'अपडेट करू नका' हा सल्ला इथे कामाला आला. यंत्रावर फोटोंचा फोल्डर उघडायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. बहुतेक वेळा यंत्र गोठायचं, बॅटरी काढून परत घालायची, पुन्हा तेच. माझं सव्विसाव्या खेपेला जमलं. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये चिकहेनचं नाव दिसलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

हे सगळं रॅममध्ये राहायचं. यंत्र झोपवलं तर टिकायचं, पूर्ण बंद केलं की गेलं. लोक याला अपुरी हॅक म्हणून नाक मुरडायचे. मला ती समजूतदार वाटते. फ्लॅश मेमरीत लिहून कायमची हॅक करायला गेलात आणि एक बाइट चुकला, तर तीन हजारवर पँडोराची संजीवनी नव्हती. यंत्र मेलं की मेलं. २००५मध्येच एका भामट्याने हॅक म्हणून सोडलेल्या ट्रोजनने लोकांचे पीएसपी वीट, म्हणजे कायमचे निकामी, करून ठेवले होते. तेव्हाही संजीवनी नव्हती. जिथे दुरुस्तीची सोय नाही तिथे काहीही न लिहिणारी हॅक हीच शहाणी.

मी अपडेट केलं

सोनीला हॅकरांशी लढायला सगळ्यात चांगलं हत्यार कुलपाचं नव्हतं. ते होतं नव्या गेमचं. नवी डिस्क घातली की ती म्हणायची, आधी अपडेट करा. डिस्कवरच नवं फर्मवेअर भरलेलं असायचं. ५.०३वर बसून राहिलात तर नवे गेम नव्या किल्ल्यांनी बंद केलेले. पैसे देऊन घेतलेला गेमही चालायचा नाही.

२००९च्या हिवाळ्यात मी एक गेम घेतला. रीतसर, पक्क्या बिलावर. तीन दिवस डिस्क खोक्यात ठेवली आणि चौथ्या दिवशी ६.२० वर अपडेट केलं. मित्र म्हणाला, "गाढवा, वर्षभर थांबलास आणि एका गेमसाठी घालवलंस." त्याचं बरोबर होतं. पण हॅक झालेल्या यंत्रावर तरी मी काय करणार होतो? गेमच खेळणार होतो ना? हा हिशोब प्रत्येक हॅकप्रेमीला कधी ना कधी मांडावा लागतो, आणि कंपन्या त्यावरच विसंबून असतात.

सोनीची बाजूही नोंदवायला हवी. यंत्रं धडाधड खपत होती, शेवटपर्यंत जगभरात साडेसात कोटींच्या वर खपली. पण गेम त्या मानाने खपत नव्हते. २००९मध्ये सोनीच्या अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांनी उघडपणे म्हटलं की पीएसपीच्या गेमविक्रीचा मोठा लचका पायरसीने तोडला आहे. लॅमिंग्टन रोडवर ज्याने एक तास काढला असेल तो हे नाकारणार नाही. भारतात तेव्हा असं कुलूप फोडणं हा स्वतंत्र गुन्हाही नव्हता. कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं ते २०१२च्या दुरुस्तीने. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप फोडलं असेल तर.

फुकटचा डेमो

२०१०मध्ये 'पाटापॉन २' या गेमच्या डेमोत फट सापडली. डेमो सोनीच्याच दुकानातून फुकट उतरवता यायचा. ग्रिपशिफ्टसारखी डिस्क शोधत फिरायला नको. यूएमडीची खाचच नसलेल्या पीएसपी-गोलाही हे चालायचं. त्या फटीवर वोलोलो, मोस्किटो आणि इतर हॅकरांनी 'हाफ बाइट लोडर' उभारला, आणि या संपूर्ण प्रकरणातलं मला सर्वांत आवडलेलं काम हेच.

अडचण अशी होती. तळमजल्यावरच्या प्रोग्रामला पडद्यावर चित्र काढायचं किंवा फाइल वाचायची तर कर्नलकडे विनंती करावी लागते. प्रत्येक विनंतीला क्रमांक असतो. जुन्या फर्मवेअरमध्ये हे क्रमांक ठरलेले होते, नव्यात सोनीने ते दरवेळी पिसायला सुरुवात केली. जणू सरकारी कार्यालयात रोज सकाळी खिडक्यांचे नंबर बदलायचे. गेमला त्याच्या कामापुरते नंबर सांगितलेले असतात, घुसखोराला नाहीत. मग लोडरने गेमला माहीत असलेल्या नंबरांवरून बाकीच्यांचे नंबर ताडायला सुरुवात केली. ही खिडकी सात नंबर, ती बारा, म्हणजे मधली बहुतेक नऊ असावी. कधी अंदाज चुकायचा आणि यंत्र गोठायचं. बऱ्याचदा बरोबर यायचा.

हाफ बाइट लोडर कर्नलपर्यंत जात नव्हता, त्यामुळे त्यावर चोरीचे गेम चालायचे नाहीत. बनवणाऱ्यांनी हे लपवलं नाही. उलट त्यांना तेच हवं होतं. दुकानदाराला मात्र त्यात काही रस नव्हता. "हे निघालं नाही म्हणायचं," तो म्हणाला. त्याच्या व्याख्येने तो बरोबरच होता.

सोनीने पुढच्या फर्मवेअरमध्ये डेमोला पहारा बसवला. मग 'हॉट शॉट्स टेनिस'मध्ये फट निघाली. हे असंच चाललं असतं. डिसेंबर २०१०मध्ये टोटल नूब या टोपणनावाच्या तरुणाने ६.२० फर्मवेअरसाठी कर्नलपर्यंत जाणारं 'हेन' काढलं. माझं यंत्र ६.२० वरच होतं. पाटापॉनच्या डेमोतून शिरायचं, मग पहिला मजला. पहिल्या मजल्याचाही अंदाज नव्या फर्मवेअरवर खरा ठरला, आणि प्रकरण इथे संपलं असं मला वाटलं.

किल्ली दुसऱ्याच घरात

त्याच महिन्याच्या अखेरीस बर्लिनमध्ये कॅऑस कम्युनिकेशन काँग्रेस भरली होती. तिथे फेलओव्हरफ्लो या गटाने पीएस-थ्रीबद्दल भाषण केलं. पीएसपीबद्दल नाही. सोनीचा मोठा, दिवाणखान्यातला गेमिंग कन्सोल. त्याच्या प्रोग्रामांवरच्या डिजिटल सह्या करताना दरवेळी एक नवा यादृच्छिक आकडा वापरायला हवा असतो. सोनीने दरवेळी एकच वापरला होता. दोन सह्या समोर ठेवल्या की शाळेतल्या बीजगणिताने गुप्त किल्ली बाहेर निघते. सभागृहात हशा पिकला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जिओहॉट या हॅकरने पीएस-थ्रीची मूळ किल्ली जाहीर केली आणि ११ जानेवारीला सोनीने त्याच्यावर खटला भरला.

पीएस-थ्रीची आतली कपाटं उघडली तेव्हा एका कपाटात पीएसपीच्या किल्ल्या सापडल्या.

त्या तिथे कशा आल्या? ऑक्टोबर २००९मध्ये सोनीने 'मिनीज' नावाने पीएसपीसाठी स्वस्त, छोटे गेम आणले. डिसेंबरमध्ये तेच गेम पीएस-थ्रीवरही चालायची सोय केली. म्हणजे पीएस-थ्रीच्या आत पीएसपीचं सोंग घेणारा प्रोग्राम आला. सोंग पूर्ण व्हायचं तर पीएसपीचे कुलूपबंद गेम उघडायला हवेत, त्यासाठी किल्ली हवी. पीएसपीमध्ये हे काम 'कर्क' नावाचं हार्डवेअर करतं. सोनीच्या अभियंत्यांना 'स्टार ट्रेक'चं वेड असावं, कारण शेजारच्या तुकड्याचं नाव 'स्पॉक' आहे. कर्कच्या पोटातली किल्ली बाहेरून वाचता येत नव्हती. सहा वर्षं कुणालाही जमलं नव्हतं. पीएस-थ्रीमध्ये कर्क नव्हता, म्हणून तीच किल्ली सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवावी लागली. धाकट्याच्या तिजोरीची किल्ली थोरल्याच्या सदऱ्याच्या खिशात, आणि सदरा खुंटीवर.

त्यातही पीएसपीची किल्ली सममित होती, म्हणजे उघडायला आणि बंद करायला एकच. आधुनिक सह्यांमध्ये दोन किल्ल्या असतात. सही करायची कंपनीच्या तिजोरीत आणि फक्त तपासायची यंत्रात. यंत्र फोडलं तरी सही करता येत नाही. कर्कच्या कामात ज्या पद्धतीने गेम तपासले जायचे त्यात हा भेद नव्हता. किल्ली मिळाली आणि कुणालाही स्वतःचा प्रोग्राम सोनीने दिल्यासारखा बंद करता येऊ लागला. फट नको, डेमो नको, अंड्यांची चित्रं नकोत. तुमचा प्रोग्राम मेमरी स्टिकवर टाका, यंत्र त्याला सलाम ठोकेल. तीन हजारवरही, पीएसपी-गोवरही, विकत आणल्यापासून कधीही न छेडलेल्या फर्मवेअरवरही.

सोनीला किल्ली बदलता येईना, कारण ती कोट्यवधी चिपांमध्ये कोरलेली होती आणि आधी विकलेला प्रत्येक गेम तिच्याच भरवशावर चालत होता. सोनीने पुढच्या अपडेटमध्ये कर्नलमधल्या फटी बुजवल्या, लोकांनी नव्या शोधल्या. ऑगस्ट २०११चं ६.६० आणि जानेवारी २०१५चं शेवटचं ६.६१ दोन्ही फोडली गेली. वरच्या मजल्याचा जिनाही पुढे डेव्हीच्या 'इन्फिनिटी'ने चढून दाखवला. आणि मूळ पँडोराचं काय? दहाएक वर्षांनी 'बॅरियन स्वीपर' आला. बॅटरीच्या जागी वायरी जोडून संगणकच बॅटरीचं सोंग घेतो आणि मेलेला तीन हजार उठवतो. तोवर या यंत्राची काळजी करणारे सोनीत कुणी उरले नव्हते.

तेव्हा कुणाला कळलं असतं का

डिसेंबर २००९मध्ये, मिनीज पीएस-थ्रीवर आले त्या दिवशी, 'पीएसपीची किल्ली आता दोन घरांत आहे' असं कुणी म्हणू शकलं असतं. माहिती सगळी उघड होती. पण सगळे पीएसपीकडेच बघत होते. पीएस-थ्री तोवर अभेद्य मानला जायचा, त्यामुळे त्याच्या खिशात काय आहे याचा विचार करायचं कारण कुणाला वाटलं नाही. म्हणून मी आता तीन प्रश्न विचारतो. कुठल्या मजल्याबद्दल बोलतोय? यंत्र परक्याकडून काय खातं? आणि या यंत्राचं गुपित आणखी कोणाकोणाला सांगावं लागलं आहे?

निन्टेंडो स्विचला हे प्रश्न लावून बघा. २०१८च्या एप्रिलमध्ये त्याच्या एनव्हीडिया चिपमधल्या, कोरलेल्याच, पहिल्या प्रोग्रामात मोठी चूक जाहीर झाली. यूएसबीवरून आलेल्या मजकुराची लांबी तो नीट तपासत नव्हता. पँडोराची थेट पुनरावृत्ती. निन्टेंडोनेही तेच केलं, काही महिन्यांतच सुधारलेल्या चिपा आणल्या, आणि २०१९मध्ये स्विच लाइट आला तो पहिल्या दिवसापासून सुरक्षित. पण इथून पुढे गोष्ट पीएसपीसारखी गेली नाही. त्याची कार्यप्रणाली लहान आहे, प्रत्येक काम वेगळ्या खोलीत कोंडलेलं आहे. एका गेममधून शिरलात तर त्या खोलीतच अडकता. सह्या दोन किल्ल्यांच्या. जुन्या स्विचमधून उघडायच्या किल्ल्या बाहेर आल्या, एम्युलेटर आले, खटले झाले, पण सही करायची किल्ली निन्टेंडोच्या तिजोरीतच राहिली. ती यंत्रात नव्हतीच. सुधारलेल्या स्विचवर मुख्य वाट उरली ती मोडचिपची, म्हणजे बोर्डवर डाग देऊन बसवायच्या जादा चिपची.

आणखी एक बदल झाला. निन्टेंडोने २०१६च्या अखेरीस फट कळवणाऱ्याला वीस हजार डॉलरपर्यंत बक्षीस द्यायला सुरुवात केली, सोनीने २०२०मध्ये स्वतःची योजना सर्वांना खुली केली. ज्या टोटल नूबने माझा पीएसपी उघडला होता तो पुढे 'द फ्लो' या नावाने सोनीच्या यंत्रांमधल्या फटी सोनीलाच कळवू लागला. पाटापॉनच्या काळात सापडलेली फट दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मिळायची. आता ती आधी कंपनीकडे जाते, बुजवली जाते आणि मग जगाला कळते.

गेल्या दिवाळीत भाचा त्याचा स्विच लाइट घेऊन आला.

"मामा, हे निघेल का?"

"सॉफ्टवेअरने? मला नाही वाटत."

"पण यूट्यूबवर तर..."

"त्या व्हिडिओत तो सोल्डरिंग करतोय की नाही, ते बघितलंस का?"

त्याने व्हिडिओ पुढे सरकवला. करत होता.

"तुला येतं?" त्याने विचारलं.

मी कपाटातून माझा तीन हजार काढला. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं.